पोरीचे केस आणि कपाशीची पाने



या सदरात एरवी तुडतुडे, बोंडअळी, माती परीक्षण असले विषय असतात. आज मी केसांविषयी लिहिणार आहे. ज्यांनी माझे डोके पाहिले आहे ते हसतील, कारण तेथले पीक केव्हाच विरळ झाले आहे. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि तो माझ्याकडे आला तोही शेताच्या बांधावरूनच.

श्रावण संपता संपता एका गावी कपाशी पाहायला गेलो होतो. पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली, अरुंद झालेली, शेंडे वाकडे. रोग कसलाच नव्हता. मक्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारून झाल्यावर पंप नुसता विसळला होता आणि त्याच पंपाने कपाशीवर कीटकनाशक फवारले होते. कपाशी या औषधाच्या बाबतीत फार नाजूक. नळीत राहिलेला अंशही तिला पुरतो. मी त्या शेतकऱ्याला सांगितले, "ही पाने आता पूर्ववत व्हायची नाहीत. त्यांच्यावर टॉनिकाचे पैसे घालू नका. बिघडलेले शेंडे खुडा, खत-पाणी सांभाळा आणि नवी फूट कशी येते तिकडे लक्ष ठेवा."

मग रीतीप्रमाणे चहाला घरी गेलो. शेतकरी बैलांना पाणी दाखवायला गोठ्याकडे वळला, तशी घरातली बाई हळूच म्हणाली, "साहेब, औषधाचं तुम्हाला कळतं. जरा लेकीचं डोकं बघता का?"

"वहिनी, मी पिकांचा माणूस. डोक्याचं मला काय कळणार?"

"औषधानंच झालंय," ती म्हणाली.

मुलगी बाहेर आली ती ओढणी कपाळापर्यंत ओढून. बारावी झालेली, एकोणीस-वीस वर्षांची. आजीकडून आलेले दाट कुरळे केस, कमरेपर्यंत. पाहण्याच्या कार्यक्रमात वराकडची कुणी बाई सहज बोलून गेली होती, "केस तेवढे सरळ असते तर!" पसंती झाली, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली, बोलणारी विसरूनही गेली असेल. पण हे वाक्य पोरीच्या मनात कुसळासारखे रुतून बसले. आईने बोकड विकून ठेवलेल्या पैशातले चार हजार नवऱ्याला न सांगता काढून दिले आणि तालुक्याच्या गावी पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून आणले. डोके आगीसारखे झोंबत होते तेव्हा "होतंच थोडं" असे उत्तर मिळाले. दोन दिवस केस घोड्याच्या शेपटीसारखे चकचकीत आणि सरळ. तिसऱ्या दिवशी न्हाणे झाले आणि सगळे उघडे पडले. ओला केस रबरासारखा ताणायचा आणि तुटायचा. वाळला की कडबा. कानामागे तर बोट-दीड बोटाचे खुंट राहिले होते, आणि भांगात खपल्या.

पार्लरने त्यावर उपाय सांगितला होता. निम्म्या पैशात 'केराटिन' करून देतो, केस दुरुस्त होतील, उद्याच या. आईने उरलेले पैसे डब्यातून काढूनही ठेवले होते. मला विचारायचे ते एवढेच होते की, उद्या जावे की जाऊ नये.

वाचकहो, शेतात मी जे सांगून आलो होतो तेच मला घरात पुन्हा सांगावे लागले. मात्र ते पटण्यासाठी केस म्हणजे काय हे आधी समजून घेतले पाहिजे.

केसाचा जिवंत भाग कातडीच्या आत, मुळाशी असतो. बाहेर दिसतो तो सारा केस निर्जीव, मेंढीच्या कातरलेल्या लोकरीइतकाच. म्हणून तर केस कापताना दुखत नाही. झाडाच्या पानाला निदान अन्नरस पोहोचतो. बाहेर आलेल्या केसाला तोही पोहोचत नाही. तेव्हा बाहेरून काही लावून बाहेरचा केस 'पोसता' येत नाही. कुणी तसे सांगत असेल तर खुशाल समजा की तो वाळल्या कडब्याला युरिया घालायला सांगतो आहे.

हा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. दोरखंडात पीळ असतात तसे याचे धागे, आणि ते धागे एकमेकांना गंधकाच्या टाक्यांनी शिवलेले. केस जळाला की जो उग्र वास येतो तो बराचसा या गंधकाचाच. केस सरळ करण्याच्या एका प्रकारात, ज्याला रिबाँडिंग म्हणतात, थायोग्लायकोलेटची मलई लावून हे टाके उसवतात, तापल्या इस्त्रीने केस सपाट ओढतात आणि मग दुसरे औषध लावून टाके पुन्हा घालतात. उसवलेले सगळे टाके जसेच्या तसे परत पडत नाहीत. मलई जास्त वेळ राहिली, इस्त्री जास्त तापली किंवा केस आधीच कमजोर असला, तर शिवण सुटलेली ती सुटलेलीच राहते. केस ओला असताना रबरासारखा ताणणे ही त्याचीच खूण.

आपल्याला मातीचा सामू माहीत आहे. साडेआठच्या वर गेला की आपण चोपण जमीन म्हणून कपाळाला हात लावतो. या मलईचा सामू साधारण नऊ ते साडेनऊ असतो. कॉस्टिक सोड्याच्या जातीची केस सरळ करणारी औषधे असतात त्यांचा बाराच्याही वर जातो, आणि सामूचा एकेक आकडा म्हणजे दहापट, हे आपण माती परीक्षणाच्या वेळी बोललोच आहोत. घोंगडी सोड्याच्या पाण्यात कुणी उकळत नाही. का उकळत नाही हे धनगराच्या पोराला विचारा. कडक सोड्यात सुती कापड टिकते, पण लोकर विरघळून जाते. केस आणि लोकर एकाच जातीचे.

या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. दोन महिन्यांपूर्वी तिने पुडीतली काळी मेंदी लावली होती. अशा काही पुड्यांत नुसता मेंदीचा पाला नसतो, रासायनिक रंग असतो, कशात धातूचे क्षारही असतात. त्यावर दुसरे रसायन चढले की काय होईल याचा नेम नाही. पार्लरमध्ये हे विचारायला हवे होते. एका बटेवर आधी लावून पाहायला हवे होते. आपण नवे तणनाशक सगळ्या रानात मारण्याआधी एका सरीत मारून बघतो, तेवढेच. ते केले नाही याचा दोष पोरीकडे जात नाही.

आता 'केराटिन' विषयी. नाव पौष्टिक आहे, पण त्यात केसाला केराटिन खाऊ घालतात असे समजू नका. अशा अनेक औषधांत केस सरळ बसवण्याचे खरे काम फॉर्मॅल्डिहाइड, किंवा तापवल्यावर ते सोडणारे दुसरे रसायन करते. कोंबड्यांची शेड किंवा रेशीम किड्यांचे संगोपनगृह निर्जंतुक करायला आपण जे फॉर्मॅलिन वापरतो, त्यातलेच हे. त्याचा वास डोळ्यांत कसा जातो हे ज्यांनी शेड धुरावली आहे त्यांना सांगायला नको. माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच त्याची गणना केली आहे. डब्यावर 'फॉर्मॅलिन नाही' असे लिहून त्याऐवजी ग्लायऑक्झिलिक आम्ल घालतात, तेही निर्धोक नाही. २०२४ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. वापरलेल्या मलईत हेच आम्ल होते.

आणि हे सारे खपल्या धरलेल्या डोक्यावर, उसवलेल्या केसावर, आठ दिवसांच्या आत पुन्हा! मी वहिनींना म्हटले, "उद्या जाऊ नका. परवाही नको. निदान हे केस डोक्यावर आहेत तोवर कसलेच रसायन नको."

बोलण्याच्या नादात माझे लक्ष नव्हते. शेतकरी दारात येऊन उभा होता. केव्हापासून ते कळले नाही. वहिनींचा हात डब्यावरच थांबला. मलाही वाटले, आता आवाज चढणार. तो पोरीजवळ गेला, ओढणी जरा मागे सारून भांग पाहिला आणि म्हणाला, "आग होते का गं अजून?" पोरगी रडायला लागली. पैशाचा शब्द त्याने काढला नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाला, "मी तरी पंप कुठं धुतला होता?"

असो. त्या दिवशी त्यांना जे सांगितले ते तुम्हालाही सांगतो, कारण अशी एकच मुलगी तालुक्यात असेल असे मला वाटत नाही.

सर्वांत आधी डोक्याची कातडी पाहावी. खपली, पाणी सुटणे, पू, चेहऱ्याला सूज, गोल चकत्या पडणे यांतले काही असेल तर घरचे लेप लावत बसू नये, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवावे. केस तुटला तर मुळातून दुसरा येतो, पण कातडी खोल भाजून मूळच गेले तर तेथे पुन्हा उगवत नाही. बियाणेच जळाल्यासारखे ते. केस सरळ केल्यावर एक-दोन दिवसांत उलट्या, कंबरदुखी, लघवी कमी होणे असे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि औषधाचा डबा किंवा निदान त्याच्या लेबलाचा फोटो सोबत न्यावा. बियाण्याची पिशवी आणि पावती आपण जपून ठेवतो, तशी याचीही ठेवावी. पुढे पैशाची तक्रार करायची झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येते. पावती नसेल तर मात्र बोलणे अवघड होते.

कंगव्यात येणारा केस उजेडात धरून बघा. टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळापासून सुटला. दिवसाला पन्नास ते शंभर असे केस कुणाचेही जातात. गाठ नसेल तर तो मधेच तुटला. या मुलीचे बहुतेक तुटलेले होते. वाईटातली ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, कारण मूळ शाबूत होते.

उरलेला केस दुरुस्त होत नाही, पण जपता येतो. तालुक्याच्या दुकानात मिळणारे साधे कंडिशनर केसाला वंगणासारखे बसते, गुंता सुटायला मदत करते; तेवढ्यापुरते ते चांगले, त्यासाठी महाग बाटली लागत नाही. ते लावलेले असतानाच रुंद दातांच्या लाकडी कंगव्याने टोकाकडून वर वर गुंता सोडवावा. वरून खाली ओढला की केस गेलाच. कातडीवर जखम नसेल तर न्हाण्याआधी तास-दोन तास खोबरेल तेल लावावे. २००३ साली आपल्याच देशातल्या संशोधकांनी तेलांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून जे प्रथिन झिजते ते खोबरेलाने कमी झाले, सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने झाले नाही. आजीचे काही अगदीच खोटे नव्हते म्हणायचे.

अंगाचा किंवा कपड्याचा साबण डोक्याला लावू नये. तो अल्कलीच असतो, आणि त्यातून आपल्याकडचे बोअरचे पाणी जड! दोन्ही मिळून केसावर चुन्यासारखा थर धरतो. पावसाचे पाणी धरता आले तर डोक्यासाठी तेच उत्तम. शिकेकाई चालेल; मात्र पूड तशीच चोळू नका, ती खरखरते. भिजवून, उकळून, फडक्याने गाळून पाणी घ्या. टॉवेलने खसाखसा पुसणे नको, जुन्या मऊ सुती लुगड्याच्या तुकड्याने टिपावे. इस्त्री, गरम हवेचे यंत्र, घट्ट वेणी, रबर, सगळे बंद. सैल वेणी घालावी आणि शेतात जाताना डोक्याला रुमाल बांधावा.

आणि कात्री. हे ऐकताच माय-लेकी दोघी गप्प झाल्या. पण बिघडलेले शेंडे आपण खुडतो, ते राग म्हणून नव्हे. जो केस टोकाशी चिरला तो चिरत वर जातो आणि जास्त लांबी घालवतो. एकदम सगळे कापायला मन धजत नसेल तर दर दोन-तीन महिन्यांनी थोडे थोडे कापा. यात एक धोका मात्र ध्यानात ठेवा. मुळाशी नवा कुरळा केस येतो, त्याच्या पुढे जुना सरळ केलेला. दोन्ही जिथे मिळतात ती जागा कलमाच्या सांध्यासारखी. ताण आला की नेमके तिथेच मोडते. म्हणून पुढचे वर्षभर तेल लावताना आणि विंचरताना या सांध्याला जपायचे.

माझ्या मनात एक प्रश्न राहिला तो केसांचा नव्हता. चांगल्या कुरळ्या केसांना कुणी सहज नाव ठेवते आणि एक मुलगी डोके भाजून घेते, हे काय आहे? आपल्यापुरतेच हे नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या केसांची जातच दाट कुरळी. गोऱ्यांसारखे दिसावे म्हणून तिथल्या कित्येक पिढ्यांनी केसांना कॉस्टिक लावले. माल्कम एक्स हे त्यांचे एक मोठे नेते. तरुणपणी कॉस्टिक, अंडी आणि बटाटे यांचे घरगुती मिश्रण डोक्याला लावून आपण केस कसे सरळ केले, डोके कसे पेटले आणि पुढे त्याची लाज कशी वाटली, हे त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. आता तिथल्या अनेक बाया औषध सोडून आपले मूळचे केस वाढवतात. त्यालाही वर्ष-दोन वर्षे लागतात आणि मधल्या काळातल्या अर्ध्या कुरळ्या, अर्ध्या सरळ केसांचा त्यांनाही वैताग येतोच. त्याच देशात सुमारे ३३,५०० स्त्रियांची जवळजवळ अकरा वर्षे पाहणी झाली, ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. केस सरळ करणारी औषधे कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वरचेवर वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा अंदाज निघाला. औषधानेच रोग होतो असे यावरून सिद्ध झाले नाही, आणि एकदा लावणाऱ्या मुलीने याने घाबरून जाऊ नये. मात्र दर सहा महिन्यांनी करणारीने हा आकडा ऐकून ठेवावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तर या वाटेला जाऊच नये.

पार्लरमधल्या मुलींबद्दलही एक शब्द. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली, तेव्हापासून हातमोजे आणि मुखपट्टी यांविषयी आम्ही गावोगाव बोलतो. बंद खोलीत, पंखाही बाहेर न फेकणारा, अशा जागी त्या मुली दिवसभर तापलेल्या औषधाची वाफ घेत उभ्या असतात. त्यांना कुणी काही सांगितलेले नसते. तुमच्या घरची मुलगी हा धंदा शिकत असेल तर तिला खिडकी उघडी ठेवायला आणि डब्यावरचा मजकूर वाचायला शिकवा.

परवा वेचणीच्या वेळी त्या गावी पुन्हा जाणे झाले. कपाशीला खालची बोंडे कमीच आहेत, पण नवी फूट निकोप आली. मुलीने केस खांद्यापर्यंत कापले आहेत. मुळाशी पेरभर नवा केस आला आहे, आणि तो गोल गोल वळतो आहे. तिने मला विचारले, पहिल्याइतके व्हायला किती दिवस? केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, फार तर सव्वा वाढतो. कमरेपर्यंत म्हणजे चार-पाच वर्षे धरावीत. मी खोटे सांगितले नाही. तिने बोटांवर मोजले आणि म्हणाली, "तोवर माझी पोरं शाळेत जातील." आई हसली, मग पदराने डोळे पुसले. वराकडे त्यांनी सगळे खरे सांगितले आहे. तिकडून अजून काही उलट बोलणे आलेले नाही.

लग्नातल्या केशरचनेचे माझ्यापाशी विचारणे म्हणजे आंधळ्याला वाट पुसणे, तरी सांगितले: जड गंगावन बांधून ताण देऊ नका, सैल अंबाडा घाला आणि त्यावर भरपूर गजरे माळा. हाताला मेंदी लावायला हरकत नाही, पण ती कुंपणाच्या मेंदीचा पाला वाटून लावावी. झटपट काळा रंग चढवणारे कोन विकत मिळतात ते नकोत. त्यांत बहुधा केस रंगवायचे रसायन असते आणि त्याने हाताला फोड येतात. त्या घराच्या मागे मेंदीचे झाड आहेच. पाला लग्नाच्या दोन दिवस आधी खुडायचा, असे ठरले आहे.